वॉटर ब्लॉक बसवताना बोर्ड वाचवा, नफा वाचेल

कस्टम पीसी असेंब्लीत वॉटर कूलिंगच्या कामाला मजुरी चांगली मिळते. पण घाईत ग्राहकाचा बोर्ड गेला, तर भरपाई तुमच्याच खिशातून! म्हणून हा क्रम पाळा.

१. आधी सॉकेट बघा. एलजीए १२०० ला भोकांमधलं अंतर ७५ मिमी, एलजीए १७०० ला ७८ मिमी. जुनं ब्रॅकेट ओढूनताणून बसवू नका. एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटलाच जोडलेली असते, ती काढायची नाही.

२. ब्लॉकखालची प्लॅस्टिक फिल्म काढा. सीपीयूच्या मधोमध वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट पुरते.

३. चारही स्क्रू आधी हाताने धरवून घ्या. मग तिरक्या कोपऱ्यांतले आळीपाळीने, दोन-दोन फेरे आवळा. एकच बाजू आवळली की ब्लॉक कलतो, दाब असमान पडतो. स्क्रू थांबला की तुम्हीही थांबा.

४. लूप भरल्यावर बोर्डाची वीज तोडून फक्त पंप चालवा. जोडांखाली टिश्यू पेपर ठेवा. थेंब पडलाच, तर वीज नसलेला बोर्ड पूर्ण वाळवून वाचवता येतो.

ही टेस्ट काही तास चालते. तो वेळ कोटेशनमध्ये धरा आणि कोरड्या टिश्यूचा फोटो ग्राहकाला पाठवा. विश्वास असाच कमावला जातो!