छिन्नरुहा : खंडातून रुजणारी वेल आणि वैद्याचे दायित्व

निघंटुकारांनी वनस्पतींना दिलेली पर्यायनामे म्हणजे केवळ शब्दांची आरास नव्हे; त्या त्या वनस्पतीचे रूप, गुण व स्वभाव त्यांत सूत्ररूपाने साठविलेले असतात. आपल्या नित्य व्यवहारातील गुडूचीचेच उदाहरण घ्यावे. छिन्नरुहा आणि छिन्नोद्भवा ही तिची दोन नावे. छेदल्यावरही जी रुजते, ती छिन्नरुहा. आधुनिक जीवशास्त्र ज्यास खंडीभवन म्हणते, त्याचे मर्म या नावांत आले आहे.

शरीराचे तुकडे होऊन प्रत्येक तुकड्यातून स्वतंत्र व पूर्ण जीव निर्माण होणे, हे खंडीभवन. डबक्यातील स्पायरोगायरा हे शेवाळ असेच वाढते. प्लॅनेरिया या चपट्या कृमीचे तुकडे केले, तरी त्यांतून पूर्ण कृमी तयार होतात. रक्तमोक्षणासाठी आपण वापरतो ती जळू मात्र या वर्गातील नव्हे. ती उभयलिंगी असून कोशात अंडी घालते. कापलेल्या जळूपासून दोन जळवा होत नाहीत. उच्च वनस्पतींतील अशा वाढीस शास्त्रज्ञ शाकीय प्रजनन म्हणतात. पानफुटीचे पान, हळदीचा कंद, उसाचे बेणे ही त्याची परिचित उदाहरणे होत. नाव भिन्न असले तरी तत्त्व एकच : बीजाविना, एकाच मातेपासून संतती.

गुळवेलीत हे सामर्थ्य विलक्षण आहे. बुंध्याशी तोडलेली वेलही झाडावर जिवंत राहते व दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली सोडून पुन्हा भूमी गाठते. पेरांजवळील पेशी नव्याने विभागू लागतात व तेथूनच मुळे आणि कोंब फुटतात. म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडावर दोन पेरांचा, वीतभर लांबीचा तुकडा लावला, तरी नवी वेल सहज मिळते. बियांपासून रोपे करणे त्या मानाने बेभरवशाचे असते.

परंतु याच गुणात एक धोका दडलेला आहे. तुकड्यापासून झालेली वेल ही मातृवेलीची हुबेहूब प्रत असते. माता उत्तम असेल तर संतती उत्तम. माताच चुकीची असेल तर चूकही तितक्याच निष्ठेने वाढत जाते. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. कन्नड येथे चिकित्सालयाच्या आवारातील कडुनिंबावर चढविण्यासाठी एका रोपवाटिकेतून मी गुळवेलीची रोपे आणली. पाने हृदयाकृती, वाढ जोमदार. शंकेस जागाच उरली नाही. छाटणीचे तुकडे तिघा वैद्यमित्रांनाही दिले. पुढे जुन्या खोडावर बारीक गाठी उठल्या, खोड करडे दिसू लागले, कापताच दुधाळ स्राव आला. ती गुडूची नव्हती. माझी वेल मी उपटली. पण तिन्ही मित्रांकडे जाऊन त्यांच्या वेली काढविताना वाटलेली लाज अद्याप विसरलो नाही.

हा प्रश्न माझ्यापुरता नाही. कोविडकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे घेतले गेले. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी त्यानंतर यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने गुडूची सुरक्षित असल्याचे सांगतानाच टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वेलीविषयी सावध केले. यकृतविकाराची प्रत्येक घटना या गफलतीमुळेच घडली, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नंतरच्या अभ्यासांत खऱ्या गुळवेलीचाही संबंध दाखविला गेला आहे. यकृताचे किंवा स्वप्रतिकारजन्य विकार असलेल्या रुग्णांत ती विचारपूर्वकच द्यावी. तथापि, द्रव्याची ओळखच चुकली तर पुढील सारी चर्चा व्यर्थ ठरते.

ओळखीची लक्षणे थोडक्यात अशी. खरी गुडूची (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) : खोड हिरवट, त्यावर गाठी नाहीत, दुधाळ स्राव नाही, पाकळ्या सहा, फळे गोल व लाल. क्रिस्पा : खोड करडे व गाठींचे, स्राव दुधाळ, पाकळ्या तीन, फळे लांबट व नारिंगी. आडव्या छेदातील चक्र पाहून निश्चिंत होऊ नये; चक्रलक्षणिका हे नाव सार्थ असले, तरी तिच्या कुळातील अन्य वेलींतही तसे चक्र दिसते.

आणखी एक गोष्ट. गुडूचीच्या नर व मादी वेली वेगळ्या असतात. एकाच वेलीचे तुकडे सर्वत्र लावल्यास सर्व वेली एकाच लिंगाच्या होतात. फळ व बीज यांची शक्यता संपते आणि एखादा रोग आला तर सर्वांवर सारखाच येतो. म्हणून मातृवेली निरनिराळ्या ठिकाणच्या असाव्यात. मात्र त्यासाठी आपल्या शेजारच्या गौताळा अभयारण्यात कोयता नेऊ नये. शेताच्या बांधावरील निंबाची वेल शेतकऱ्याच्या संमतीने पाहावी, तिची फुले येईपर्यंत थांबावे, ओळख निश्चित करावी आणि मगच तुकडा घ्यावा.

औषधी दुकानदार बंधूंनीही ओली गुळवेल घेताना पुरवठादारास एकच प्रश्न विचारावा : मातृवेल कोणती व ती कोणी पाहिली? छिन्नरुहेचा प्रत्येक तुकडा उद्याची वेल आहे. तो हातात घेण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहणे, हे आपले कर्तव्य होय.