तिसरी प्रत कोठे आहे?

गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील वऱ्हाडी शब्दांचा कोश दोन शिक्षकांनी मिळून संगणकावर करायला घेतला, असे समजा. दोघांनी एकाच यादीची प्रत घरी नेली. महिन्याने प्रती शेजारी ठेवल्या, तर पहिलीत 'धुरा : शेताचा बांध' ही ओळ आहे, दुसरीत नाही. पहिल्याने ती नव्याने लिहिली, की दुसऱ्याने खोडली? दोन प्रती कितीही न्याहाळल्या तरी उत्तर मिळणार नाही. त्यासाठी मूळ यादीच हवी.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेली 'गिट' ही प्रणाली अशा जुन्या प्रती जपून ठेवते. प्रत्येकाचे काम ही एक शाखा. 'गिट मर्ज' अशी आज्ञा दिली, की दोन शाखा जेथून फुटल्या तो समान पूर्वज ती शोधते आणि तिन्ही प्रती ताडून पाहते. एकानेच बदललेली ओळ बदललेल्या रूपात घेते. तीच ओळ दोघांनी वेगवेगळी बदलली असेल, तर मात्र थांबते. मुळात 'बंडी : गाडी' होते; एकाने 'बैलगाडी' केले, दुसऱ्याने 'बिनबाह्यांचे जाकीट'. दोन्ही अर्थ खरे आहेत, पण हे यंत्राला कसे कळणार?

(पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तेथे मूळ प्रत हाती नव्हती. शेकडो हस्तलिखितांवरून संपादकांना पूर्वजाचा अंदाज बांधावा लागला. त्या मानाने आपले काम सोपे!)

आता आज्ञेला जोडायचे पर्याय. ते रोमन लिपीत टंकायचे असतात. येथे उच्चार दिले आहेत. 'एफएफ-ओन्ली' म्हणजे आपली शाखा जागेवरच असेल तरच पुढे सरकव, एरवी नकार दे. 'नो-एफएफ' म्हणजे नुसते सरकणे शक्य असले तरी विलीनीकरणाची वेगळी नोंद कर. 'अबॉर्ट'ने अर्धवट विलीनीकरण सोडून मागे येता येते; मात्र हातातले बदल आधी नोंदवून ठेवावेत. 'स्क्वॉश' मजकूर एकत्र आणते, पण शाखा जुळल्याची नोंद ठेवत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी पूर्वज म्हणून तीच जुनी यादी निघते, आणि मिटवलेले तंटे पुन्हा उभे राहू शकतात.

सर्वांत जपायचे ते 'अवर्स'पासून. 'एक्स'बरोबर लिहिले, तर जेथे तंटा आहे तेवढ्याच जागी आपली बाजू राहते. सहकाऱ्याचे बाकीचे शब्द येतात. 'एस'बरोबर लिहिले, तर सहकाऱ्याचे सगळेच काम बाजूला पडते, आणि नोंद मात्र 'विलीन झाले' अशी होते! पुन्हा मर्ज केले तरी ते शब्द येत नाहीत, कारण गिटच्या लेखी ते आलेलेच आहेत. एका अक्षराच्या फरकाने महिन्याभराचे काम यादीतून नाहीसे होते, आणि पडद्यावर तक्रारीची एक ओळही उमटत नाही. (सहकाऱ्याच्या शाखेत ते शिल्लक असते, पण आठवण कोणाला राहते?)

म्हणून 'बंडी'चा तंटा हातानेच सोडवावा. 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल' या मांडणीला 'डिफ३' हे मूल्य दिले, की दोघांच्या ओळींच्या मध्ये मूळची 'बंडी : गाडी' ही ओळही दिसते. मग दोन्ही अर्थ लिहून नोंद करावी. यादी नंतर एकदा वाचून काढावी, कारण एकाने 'धुरा' मध्येच आणि दुसऱ्याने शेवटी लिहिला असेल, तर कोणताही तंटा न होता तो शब्द कोशात दोनदा येतो.