उलट नोंद

बँकेच्या खातेवहीत चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नसते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कनी मला हा धडा दिला होता. ब्लेडने खरवडायचे नाही, शाई फिरवायची नाही. चूक जिथे आहे तिथे ती दिसत राहिली पाहिजे. दुरुस्ती करायची ती दुरुस्तीच्या दिवशीची तारीख घालून, उलट नोंद करून. पुढे तपासनीस आला, तर चूक कोणाची आणि दुरुस्ती कोणाची, हे त्याला पानावरच वाचता येते.

आपल्या देशाच्या न्यायाच्या खातेवहीत अशी एक चुकीची नोंद आहे. तारीख २८ एप्रिल १९७६.

आणीबाणी आली तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या वाड्यातल्या एका गुरुजींना पोलीस रात्री घेऊन गेले. त्यांची बायको सकाळी डबा घेऊन निघाली, आणि डबा तसाच घेऊन परतली. गुन्हा कोणता, किती दिवस ठेवणार, हे विचारायचे तरी कोणाला? मोठी माणसे एवढेच म्हणत, ‘मिसा लागला.’

खरे तर असे विचारण्याची सोय घटनेत आहे. कोणालाही अटक झाली तर कारण सांगावे लागते, वकिलाशी बोलू द्यावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम वेगळे असले, तरी तिथेही ‘हेबिअस कॉर्पस’चा अर्ज असतोच. माणूस कोर्टापुढे आणा आणि कोणत्या अधिकाराने डांबला ते सांगा, असे न्यायाधीश सरकारला फर्मावू शकतात. हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा देणाऱ्या कलमाला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा आत्मा म्हटले, ते उगीच नव्हे. दार ठोठावता येत नसेल, तर आत कितीही हक्क मांडून ठेवले तरी त्यांचा काय उपयोग?

२७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हे दारच बंद केले. तरीही अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे ठरवले. त्यावर सरकार अपिलात गेले. जबलपूरचा खटला म्हणून तो ओळखला जातो. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले, एखाद्या पोलिसाने निव्वळ वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर? आणीबाणी असेतो त्यावरही कोर्टात इलाज नाही, असे अॅटर्नी जनरलांना कबूल करावे लागले. आणि तरीही पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने कौल दिला.

एकटे खन्ना विरुद्ध गेले. या निकालापायी आपले सरन्यायाधीशपद जाणार, हे त्यांनी हरिद्वारला गंगेकाठी आपल्या बहिणीला आधीच सांगून ठेवले होते. तसेच झाले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना ते पद मिळाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

मग उलट नोंदी सुरू झाल्या. पहिली संसदेने केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरले की आणीबाणीतसुद्धा जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याचा मार्ग बंद करता येणार नाही.

काही नोंदी चुकणाऱ्यांनीच केल्या. त्या चौघांतले न्यायमूर्ती भगवती यांनी पुढे गरिबांसाठी कोर्टाचे दार उघडले. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतले असे कच्चे कैदी त्यांच्यापुढे आले, की ज्यांनी आरोपाच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ खटल्याविना कोठडीत काढला होता. १९८३ मध्ये एका महिला पत्रकाराच्या पत्रावरून मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांची दखल घेतली गेली. त्यांच्यासाठी वेगळ्या कोठड्या आणि महिला पोलिसांचा पहारा असावा, असा आदेश निघाला. साधे पत्र हाच अर्ज ठरला! १९७६ चा आपला निकाल चूक होता, हे भगवतींनी उतारवयात, २०११ मध्ये, मोकळेपणाने सांगितले.

चौघांतले दुसरे, पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली त्यांनीच लिहिले की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. झोपड्या मात्र त्या निकालाने वाचल्या नाहीत. पावसाळ्यापुरती मुदत मिळाली, एवढेच. कायद्याचे संरक्षण पुष्कळदा असे अर्धेमुर्धे असते, हेही आपण ओळखून असावे.

शेवटची नोंद २४ ऑगस्ट २०१७ ची. खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे जबलपूरचा निकाल पुन्हा आला आणि तो रद्दबातल ठरला. ते निकालपत्र लिहिणारे होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांची नोंद मुलाने खोडली नाही, तर चूक म्हणून दाखवून उलटवली.

लोकशाहीतल्या कायद्याचे मोठेपण मला इथे दिसते. तो चुकत नाही असे नाही. पण त्याची चूक पानावर राहते, आणि एकट्या पडलेल्या माणसाचे म्हणणेही तिथेच शाबूत राहते. उद्या कोणी ती वही उघडून हिशेब मागू शकतो. मात्र मागणारा हवा. वाचकहो, जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, मुले आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्न न पाहता तिथे फुकट वकील मिळू शकतो. घरातल्या सगळ्यांना एवढे तरी माहीत असावे.

पहिली नोंद आणि शेवटची, यांत ४१ वर्षे गेली. आमचे गुरुजी आणीबाणी उठल्यावर सुटून आले, पुन्हा वर्गावर गेले. तुरुंगाबद्दल ते फारसे बोलत नसत. २०१७ चा निकाल आला तेव्हा तो वाचून दाखवायला मी त्यांच्याकडे गेलो असतो, पण ते तेव्हा हयात नव्हते. बँकेत उशिरा दुरुस्त झालेल्या खात्यावर मधल्या काळाचे व्याज तरी देता येते.