नोकरी गेल्यानंतर दिवसाची घडी कशी बसवावी?

नोकरी गेली की पगाराबरोबर दिवसाचे वेळापत्रकही जाते. जागरणे, उशिरा उठणे, वेळी-अवेळी जेवणे सुरू होते आणि मन अधिकच खचते. म्हणून आधी दिवसाची घडी बसवा.

काय करावे?

• उठण्याची वेळ पूर्वीचीच ठेवा. सकाळच्या उजेडात ३० मिनिटे भरभर चाला. रात्रीची झोप सुधारते.
• नोकरीच्या शोधासाठी २-३ तास ठरवा. दिवसभर मोबाइलवर जाहिराती पाहत राहिल्याने चिंता वाढते.
• खर्च वाचवण्यासाठी रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना अडचण सांगा. जनऔषधी केंद्रात अनेक औषधे स्वस्त मिळतात.
• कंपनीचा आरोग्य विमा कधी संपतो ते विचारा. लांबणीवर टाकलेली शस्त्रक्रिया असल्यास त्याआधी डॉक्टरांशी बोला.
• दारू, तंबाखू वाढत नाही ना, याकडे लक्ष द्या.

घरच्यांनी "काही जमलं का?" असे रोज विचारू नये. त्यापेक्षा संध्याकाळी सोबत फिरायला जावे.

डॉक्टरांना कधी भेटावे?

दोन आठवडे सतत उदास वाटणे, कशातच रस न उरणे, झोप किंवा भूक बिघडणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. हा आळस नव्हे, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका. घरच्यांना सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत असून २४ तास सुरू असते.