भरगच्च पानाची बाजू

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तारखा ठरल्या. आता त्याच्या अ‍ॅपची नि संकेतस्थळांची चर्चा रंगेल आणि डिझायनर मंडळी नेहमीचा सल्ला देतील: पान मोकळं ठेवा, एका स्क्रीनवर एकच गोष्ट.

मला हे पटत नाही. २ ऑगस्ट २०२७ घ्या. आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस, सोमवार आला म्हणून सोमवती, नाशिक-त्र्यंबकला पहिलं अमृतस्नान, शिवाय सूर्यग्रहण. स्पेन-इजिप्तकडे ते खग्रास, आपल्याकडे ढगांनी कृपा केली तर खंडग्रास. मोकळ्याढाकळ्या अ‍ॅपमध्ये या दिवशी ‘२’ आणि खाली एक ठिपका दिसेल. ठिपका दाबा, यादी उघडा, मग ‘अधिक वाचा’.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ कॅलेंडर काढलं, त्यात ठिपके नव्हते. ठसठशीत तारीख, सुट्टी असेल तर लाल. बाजूला बारीक अक्षरात तिथी, नक्षत्र, सण. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ. एवढं करून आजीला ‘दूध २ लि.’ आणि ‘सिलिंडर लावला’ लिहायला जागा उरतेच. ते वाचायला कुणी शिकवलं नाही. प्रत्येक गोष्टीची जागा आणि आकार ठरलेला, त्यामुळे ज्याला जे हवं तिथेच त्याची नजर जाते. एडवर्ड टफ्टी हा माहितीच्या मांडणीचा अमेरिकन अभ्यासक हेच सांगत आला आहे: गोंधळ होतो तो माहिती जास्त म्हणून नव्हे, मांडणी फसली म्हणून. जपानचं याहू संकेतस्थळ वर्षानुवर्षं असंच गच्च आहे आणि लोक ते वापरतात.

ठसठशीतपणाची आणि रंगाची आठवण आता गुगललाही झाली आहे. २०२५च्या ‘मटेरियल ३ एक्स्प्रेसिव्ह’ या डिझाइनपद्धतीसाठी ४६ अभ्यास केले, १८,००० हून अधिक लोकांना विचारलं, मोठी, भडक बटणं चौपटीपर्यंत लवकर सापडतात, असा दावा आहे. स्वतःच्याच मालाची स्वतःच घेतलेली परीक्षा, तेव्हा चौपटीचं दुप्पट धरू. तरी दिशा कळते.

सरकारी संकेतस्थळांवरची सरकती पट्टी आणि लुकलुकणारं ‘नवीन’ मात्र या वकिलीत बसत नाही. तिथली गर्दी चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखी, माहितीसाठी नसून मानपानासाठी. फोनवर कॅलेंडरसारखा अख्खा महिना मावणार नाही, मान्य. दिवस तर मावेल. कोणता घाट, कुठला रस्ता बंद, पार्किंग कुठे, परतीची शेवटची बस कधी, एवढं एका स्क्रीनवर द्या. मान्यवरांचे फोटो हवेच असतील तर ‘कालनिर्णय’सारखं पानामागे, पाककृतीच्या जागी छापा.