तीन तासांची हजेरी

जून संपत आला की महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठात काचेच्या फलकांपुढे गर्दी सुरू होते. प्रवेशाची यादी, वसतिगृहाची यादी, शुल्क भरायची मुदत, आणि त्यातच एका कोपऱ्यात अर्ध्या पानाची सूचना: ‘कमवा आणि शिका’ योजनेसाठी अर्ज मागवण्यात येत आहेत. खाली कागदपत्रांची यादी, शेवटची तारीख आणि सही. ज्याला गरज आहे त्याची नजर आपसूक तिथे जात असेल, असे आपण धरून चालतो. पण घरातून पहिल्यांदाच कोणीतरी विद्यापीठात आलेले असते, तेव्हा हा फलक रोज वाचायचा असतो हेच त्याला सांगणारे कोणी नसते. शहरातल्या मुलाला थोरली बहीण सांगते, शेजारचा दादा सांगतो. गावाकडून आलेल्याला तारीख उलटून गेल्यावर कळते.

योजना ऐकायला अगदी सरळ आहे. विद्यार्थ्याने रोज जास्तीत जास्त तीन तास विद्यापीठाचे किंवा कॉलेजचे काम करायचे आणि तासाच्या हिशेबाने मानधन घ्यायचे. काम तासिका सांभाळून. कोणी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवतो, कोणी प्रयोगशाळेत काचसामान धुऊन लावतो, कोणी विभागाच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवतो, कोणी बागेत असतो. महिनाअखेर हजेरीपत्रकावर विभागप्रमुखांची सही, मग बिल वित्त विभागात, मग पैसे बँकेत. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते आणि पुणे, अहिल्यानगर व नाशिक जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांतही ती पोहोचलेली आहे. मुले तिला ‘अर्न अँड लर्न’ म्हणतात.

नाव भाऊरावांचे असणे रास्तच आहे, पण त्यांनी साताऱ्यात उभे केले ते आणि आज फलकावर लागते ते, या दोन्हींत बरेच अंतर पडले आहे. ते समजायला थोडे मागे जावे लागते.

भाऊराव जन्मले १८८७ साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना ते अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. ज्याने पुढे शेकडो मुलांना निवारा दिला त्याला स्वतःला वसतिगृहातून बाहेर पडावे लागले होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. नंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. नांगर विकताना शेतकऱ्याचे कर्ज, त्याचा अंगठा आणि सावकाराची वही हे सगळे जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले.

त्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत. स्वयंपाक, दळण, पाणी, झाडलोट, सगळे मुलांचेच. धान्य कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्या १९३० साली गेल्या. लोक या त्यागाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात आणि सांगायलाही हवी. पण ती सांगताना संस्थेची घडण मात्र बाजूला राहते. तिथे काम हे गरिबीचे लक्षण नव्हते. ते सगळ्यांच्या दिनक्रमातच होते. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, ते श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण देणारी मोफत निवासी शाळा म्हणूनच. मुलांनी माळरान साफ केले, दगड फोडले, शेती केली. स्वतःच्या शाळेची भिंत स्वतः बांधलेला मुलगा त्या शाळेत पाहुणा राहत नाही, इतका साधा विचार त्यामागे होता. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले, तेही याच वाटेने.

विद्यापीठाच्या आवारात ही कल्पना शिरली ती कोल्हापुरात, आणि ते स्वाभाविकच होते. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झाले. त्याच्या क्षेत्रात सातारा, सांगली, कोल्हापूर हे जिल्हे, म्हणजे रयतच्या बोर्डिंगांचाच मुलूख. पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार यांना माहीत होते की पदव्युत्तर शिक्षणाला येणाऱ्यांतली बरीच मुले घरून पैसे आणू शकणार नाहीत. तिथले विद्यार्थी भवन आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भवनात राहायचे, विद्यापीठाच्या विभागांत काम करायचे आणि शिकायचे. मुलींसाठीही तिथे पुढे वेगळी सोय झाली. कर्मवीरांच्या हाताखाली वाढून बॅरिस्टर झालेले पी. जी. पाटील सत्तरच्या दशकात याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. बोर्डिंगपासून कुलगुरूंच्या दालनापर्यंतची ही वाट एका पिढीत तुडवली गेली.

आता आजच्या हिशेबाकडे. ताशी दर विद्यापीठागणिक वेगळा असतो आणि अधूनमधून थोडाफार वाढतो. समजा पन्नास रुपये धरला. रोज तीन तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ७५ तास, ३७५० रुपये. पुण्यात दोन वेळच्या मेसला एवढे पैसे सहज जातात. खोलीभाडे, प्रवास, झेरॉक्स हे पुन्हा वेगळेच. शिवाय हे पैसे हजेरीवर असतात. परीक्षा आली की तास कमी होतात, सुट्टी लागली की थांबतात, आणि काही ठिकाणी बिल दोन-दोन महिने टेबलावर पडून राहते. पोट हातावर असलेल्या मुलाला दोन महिन्यांची दिरंगाई म्हणजे काय, हे पगारदार माणसाला समजावून सांगावे लागते. तेव्हा केवळ पैशाने मोजले तर योजना तोकडी आहे, असेच म्हणावे लागेल. तेवढ्या वेळात एखादा मुलगा घरपोच डबे पोहोचवून जास्त कमावतो, आणि अनेकजण तेच करतात.

तरीही डबे पोहोचवणारा आणि विभागात काम करणारा या दोघांत माझ्या मते मोठा फरक पडतो, आणि तो पैशाचा नाही. दुसरा मुलगा आत असतो. सूचनेचा कागद टाइप होतो तेव्हा तो तिथेच बसलेला असतो. फलकाच्या काचेचे कुलूप उघडून तो कागद टाचणीने लावणारा तोच असतो. साहजिकच सगळ्यांच्या आधी तो वाचणाराही तोच.

हे किरकोळ वाटेल, पण विद्यापीठाच्या आवारात सर्वांत असमान वाटली गेलेली गोष्ट पैसा नसून माहिती आहे. मदतीच्या योजनांची तशी कमतरता नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून वर्षाला पुणे-मुंबईसारख्या शहरांत ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तशीच स्वयंम् योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना, ती व्यावसायिक अभ्यासक्रमात असतील तर, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४ पासून, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतल्या घरांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी मिळते. यादी लांबवता येईल. पण यातल्या बहुतेक ठिकाणी महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो, तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथे कोणीतरी तो तपासून पुढे ढकलावा लागतो. ‘अर्ज डेस्कला अडकलाय’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा शिष्यवृत्तीधारक मिळणार नाही. तो डेस्क कोणाचा, ते काका किती वाजता जेवायला जातात, त्यांना काय दाखवले की काम होते, हे तिथे तीन तास बसणाऱ्या मुलाला पाठ असते. आणि तो एकटा शहाणा होत नाही. संध्याकाळी खोलीवर भात टाकता टाकता चौघांना सांगतो.

वर्षभराच्या कार्यक्रमांचेही असेच. विद्यार्थी विकास मंडळाचे वर्ष भरगच्च असते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने हे नाव रूढ झाले, त्याआधी ‘विद्यार्थी कल्याण’ असे. पावसाळा सरला की युवक महोत्सवाची धावपळ: लोकनृत्य, एकांकिका, मूकनाट्य, वक्तृत्व. आधी जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्याचा ‘इंद्रधनुष्य’. खेळाडूंसाठी ‘अश्वमेध’. हिवाळ्यात ‘आविष्कार’, ही संशोधनाची स्पर्धा. तिच्यात भाषा आणि ललित कलांपासून शेती-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, औषधनिर्माणापर्यंत सहा गट असतात, आणि पदवीच्या पहिल्या वर्षातला मुलगासुद्धा पोस्टर घेऊन उभा राहू शकतो. आपत्ती व्यवस्थापनाचे ‘आव्हान’ शिबिर, विद्यार्थिनींसाठी ‘निर्भय कन्या’ अभियान, राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची हिवाळी शिबिरे. १८ नोव्हेंबरला कोल्हापुरात वर्धापनदिन, १० फेब्रुवारीला पुण्यात. मग दीक्षान्त समारंभ. कोल्हापुरात त्या निमित्ताने ग्रंथदिंडी निघते आणि ग्रंथमहोत्सव भरतो.

या प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या मांडणारी, नोंदणीच्या टेबलावर बसणारी, पाहुण्यांना पाणी नेऊन देणारी मुले बहुधा याच योजनेतली असतात. मला इथेच योजनेचा कस लागताना दिसतो. एखादे प्राध्यापक अशाच एका मुलीला सांगतात, ‘नोंदणी झाली की तूही आत येऊन बस, आणि पुढच्या वर्षी स्वतःचे पोस्टर आण.’ अशी मुलगी दोन वर्षांत आविष्कारमध्ये उभी असते. दुसरीला मात्र फक्त खुर्च्या परत मोजून ठेवायला सांगितले जाते. मानधन दोघींना सारखेच, हजेरीपत्रकही सारखेच. काही विभागांनी या मुलांना रिकाम्या जागांवरचे स्वस्त मनुष्यबळ करून टाकले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षे भरती न झालेल्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही एम.ए.चा विद्यार्थी सांभाळतो आणि त्यातून तो काय शिकला हे कोणी विचारत नाही. ‘शिका’ हा शब्द तेव्हा फक्त योजनेच्या नावात उरतो.

आणखी एक सल आहे. साताऱ्यात कुदळ सगळ्यांच्या हातात होती, म्हणून ती कोणाच्याच नजरेत खुपत नव्हती. विद्यापीठात मात्र उत्पन्नाचा दाखला जोडणाऱ्यालाच काम मिळते, म्हणजे बागेत झारी घेऊन उभा असलेला मुलगा आपल्या घरची परिस्थिती वर्गाला न सांगता सांगत असतो. पहिल्या सत्रात अनेक मुले बागकाम नको, आतले काम द्या, अशी विनंती करतात. त्यामागे उन्हापेक्षा वर्गमित्रांची भीती जास्त असते. त्यांना श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देणे सोपे आहे. त्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात, प्राध्यापकांच्या मुलांसकट, आठवड्याला दोन तास आवारातले काम घातले तर व्याख्यानाची गरज पडणार नाही. मानधन गरजूंनाच मिळो, झारी मात्र सगळ्यांच्या हातात असू दे. श्रेयांकांच्या नव्या चौकटीत हे बसवणे अवघड नाही. इच्छा आहे का, हा प्रश्न वेगळा.

काम देणाऱ्यांकडूनही एवढी अपेक्षा धरायला हरकत नाही की मुलाचा विषय पाहून काम द्यावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हस्तलिखितांच्या नोंदी, वनस्पतिशास्त्राच्या मुलीला आवारातल्या झाडांच्या नावपाट्या, संगणकवाल्याला विभागाची विदा. काही विभागप्रमुख हे आपणहून करतात, आणि त्यांच्याकडे काम मिळावे म्हणून मुलांत चढाओढ असते.

अर्ज करू पाहणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. सूचना साधारणपणे सत्र सुरू होताच लागते आणि मुदत फार नसते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो आर्थिक वर्षापुरता, म्हणजे ३१ मार्चपर्यंतच चालतो. गेल्या वर्षीचा घेऊन आलेला मुलगा परत गावी जातो आणि तोवर यादी लागलेली असते. जूनमध्ये दाखल्यांसाठी सेतू केंद्रावर रांगा लागतात, तेव्हा तो एप्रिल-मे महिन्यातच काढून ठेवावा. बोनाफाईड, गुणपत्रक, आधार आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते हवे. वडिलांच्या नावाचे चालत नाही. मुलाखतीत वेळापत्रक विचारतात, म्हणून तासिकांचा कागद जवळ असावा. कॉलेजात असाल तर विद्यार्थी विकास अधिकारी कोण हे आधी शोधा. ते एखाद्या विषयाचे प्राध्यापकच असतात, त्यांची खोली वेगळी नसते, आणि त्यांच्या दारावर पाटीही असतेच असे नाही.