दोन अर्ध्यांचे एक गाणे

एका कामाला दोन हात अधिक लागले, म्हणजे ते काम हलके होते, हा अनुभव आपणांस घरी आणि शाळेत नित्य येत असतो. परंतु दोघांनी मिळून ओझे उचलणे निराळे आणि दोघांनी मिळून गाणे रचणे निराळे. ओझ्याचा भार दोघांत वाटून घेता येतो. गाण्याची कल्पना मात्र कोणा एकाच्याच मनात स्फुरते. मग एक गाणे दोघांचे होते तरी कसे?

आपल्या मराठीत याचे एक सुपरिचित उत्तर आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले. त्यातील ५६ गीतांचे शब्द ग. दि. माडगूळकर यांचे, तर चाली सुधीर फडके यांच्या. शब्द एकाचे आणि स्वर दुसऱ्याचे, अशी ती स्पष्ट वाटणी होती. परंतु जेथे दोघेही शब्द रचणारे आणि दोघेही चाली बांधणारे असतात, तेथे ही वाटणी चालत नाही. इंग्लंडमधील जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी ही अशीच जोडी होती. १९६७ साली त्यांनी ‘अ डे इन द लाइफ’, म्हणजे ‘आयुष्यातील एक दिवस’, या नावाचे एक रॉक गीत रचले. ते कसे जन्मास आले, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

रॉक संगीत हे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत उदयास आले. गिटार आणि ड्रम यांच्या ठसठशीत ठेक्यावर गायिल्या जाणाऱ्या या संगीताने थोड्याच अवधीत इंग्लंडमधील तरुणांनाही वेड लावले. लिव्हरपूल या बंदराच्या शहरातील जॉन हा त्यांपैकीच एक. शाळेतील मित्रांना घेऊन त्याने एक वाद्यमेळ उभा केला होता. ६ जुलै १९५७ रोजी वुल्टन या उपनगरातील चर्चच्या जत्रेत त्याचे वादन होते. तेथे एका सामाईक मित्राने पॉलची व त्याची ओळख करून दिली. जॉन तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि पॉल पंधरा वर्षांचा. पॉलने गिटारवर एक गाणे असे सफाईने वाजवून दाखविले, की जॉन विचारात पडला. आपल्याहून तयार असलेल्या मुलास मेळात घ्यावे, तर आपले पुढारीपण धोक्यात येणार. न घ्यावे, तर मेळ दुबळा राहणार! अखेर त्याने पॉलला मेळात घेतले. या एका निर्णयाने पुढच्या सर्व गोष्टींचा पाया घातला.

दोघांची मैत्री दृढ होण्यास आणखी एक कारण घडले. पॉलची आई १९५६ साली आजाराने वारली होती. जॉनची आई १९५८ साली मोटारीच्या अपघातात गेली. हे समान दुःख दोघांनाही उमगत होते. शाळा चुकवून ते पॉलच्या घरी जमत आणि समोरासमोर बसून गाणी रचीत. शाळा चुकविणे काही अनुकरणीय नव्हे. परंतु त्या बैठकीत मात्र आळसाला थारा नव्हता. पॉल डावखुरा असल्याने त्याची गिटार उलट्या बाजूस असे; त्यामुळे आरशात पाहावे, तसे एकमेकांच्या बोटांकडे पाहून ते शिकत. शब्द वहीत लिहून ठेवीत. परंतु चाल टिपून घेण्यास ध्वनिमुद्रक नव्हता आणि स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तेव्हा आज बांधलेली चाल जर उद्या आपल्यालाच आठवत नसेल, तर ती इतरांनी तरी का आठवावी, असा त्यांचा रोखठोक न्याय असे. याच काळात त्यांनी आपसांत ठरविले, की गाणे कोणी कितीही रचलेले असो, त्यावर नाव दोघांचेही घालावयाचे.

पुढे जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांच्यासह या दोघांचा ‘बीटल्स’ हा वाद्यमेळ जगभर गाजला. १९६८ साली हे चौघे आपल्या देशात हृषीकेश येथे येऊन राहिले होते. त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

जानेवारी १९६७ मध्ये जॉन एके दिवशी पियानोपाशी बसला होता. समोर १७ तारखेचे ‘डेली मेल’ हे वृत्तपत्र उघडे होते. त्यात मोटार अपघातात प्राण गमावलेल्या एका तरुणाविषयीची बातमी होती. तो तरुण धनाढ्य घराण्यातील असून जॉन आणि पॉल या दोघांच्याही परिचयाचा होता. त्याच अंकात एक लहानशी, काहीशी गमतीची बातमीही होती. ब्लॅकबर्न गावाच्या रस्त्यांत ४,००० खड्डे असून ते माणशी एका खड्ड्याचा सव्विसावा हिस्सा एवढे भरतात, असा तेथील नगरपालिकेच्या पाहणीचा निष्कर्ष होता! (या हिशेबाने गावाची लोकसंख्या किती, हे तुम्ही वहीवर सहज काढू शकाल.) एका पानावर मृत्यू आणि दुसऱ्या पानावर खड्ड्यांची मोजदाद, वाचणारा मात्र दोन्ही बातम्या सारख्याच शांतपणे वाचून पान उलटतो. या विसंगतीने जॉनच्या मनात घर केले आणि त्यातून मंद, उदास चालीची काही कडवी तयार झाली. खड्ड्यांच्या कडव्यात त्याला एक क्रियापद काही केल्या सुचेना. ते एका स्नेह्याने सुचविले. एखादा नेमका शब्द मिळण्यासाठी कवीला कसे अडून बसावे लागते, हे यावरून दिसून येईल.

कडवी झाली, तरी गाणे पुरे होईना. मध्ये काहीतरी निराळे हवे होते आणि ते जॉनजवळ नव्हते. पॉलजवळ मात्र एका गाण्याचा तुकडा कधीचा पडून होता. सकाळी घाईने उठावे, केस विंचरावे, उशीर झाला म्हणून धावत जाऊन बस गाठावी, असे आपल्या शाळकरी दिवसांचे चित्र त्याने त्यात रेखाटले होते. त्या तुकड्याला आरंभ नव्हता आणि शेवटही नव्हता. जॉनचा भाग संथ होता, पॉलचा लगबगीचा. एकाचा स्वर दुःखाचा, दुसऱ्याचा नित्याच्या धावपळीचा. वरवर पाहता दोहोंचा काही संबंध नव्हता. तथापि वृत्तपत्रात जसे दुःख आणि क्षुल्लक गोष्टी शेजारी शेजारी नांदतात, तशाच त्या माणसाच्या दिवसातही नांदतात. म्हणूनच पॉलचा तुकडा जॉनच्या कडव्यांमध्ये चपखल बसला.

आता हे दोन भाग जोडावे कसे, हा प्रश्न उभा राहिला. १९ जानेवारी रोजी लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात कामास प्रारंभ झाला, तेव्हा याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. म्हणून त्यांनी एक धाडसी युक्ती योजिली. चार-चार मात्रांची २४ आवर्तने चक्क रिकामी सोडली. ती मोजण्याचे काम त्यांचा साहाय्यक मॅल एव्हान्स याने केले. तो मोठ्याने आकडे म्हणत गेला आणि मोजणी संपताच त्याने गजराचे घड्याळ वाजविले. हा गजर केवळ खुणेसाठी होता. परंतु त्याच्या पाठोपाठ येणारा पॉलचा भाग झोपेतून उठण्यानेच सुरू होत असल्याने तो तेथे इतका शोभला, की गाण्यात तसाच राहिला.

राहिलेली रिकामी जागा कशाने भरावी? शून्यातून वाढत वाढत जाऊन जग व्यापणारा नाद तेथे असावा, असे जॉनच्या मनात होते. त्या काळच्या नव्या प्रयोगशील संगीताचा अभ्यास करणाऱ्या पॉलने त्यासाठी मोठ्या वाद्यवृंदाची कल्पना मांडली. ध्वनिमुद्रिकेचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ती कल्पना वादकांना समजेल अशा स्वरलिपीत उतरविली. प्रत्येक वाद्याने आपल्या सर्वांत खालच्या स्वरापासून निघावे आणि २४ आवर्तनांत वरच्या स्वरापर्यंत चढत जावे. मात्र शेजाऱ्याचे ऐकू नये, आपल्याच गतीने चढावे! जन्मभर एका सुरात आणि एका लयीत वाजविण्याचे शिक्षण घेतलेल्या वादकांना ही आज्ञा विचित्रच वाटली असणार. १० फेब्रुवारी १९६७ रोजी ४० वादक जमले. वातावरण मोकळे व्हावे, म्हणून त्यांना गमतीच्या टोप्या आणि खोटी नाके वाटण्यात आली. त्यांचे वादन अनेकदा मुद्रित करून एकावर एक चढविण्यात आले. त्यामुळे ४० वादकांचा नाद कितीतरी अधिक वादकांसारखा भासू लागला. हीच नादलहर गाण्याच्या शेवटी पुन्हा उसळते.

या लहरीनंतर गाणे संपवावयाचे होते. २२ फेब्रुवारी रोजी अनेक पियानोंवर सर्वांनी एकाच क्षणी एकच स्वरसमूह दाबला आणि बोटे तशीच ठेविली. नाद जसजसा क्षीण होत गेला, तसतसे ध्वनियंत्रज्ञांनी यंत्राची ग्रहणशक्ती वाढवीत नेली. त्यामुळे तो नाद चाळीस सेकंदांहून अधिक काळ घुमत राहतो आणि अगदी अखेरीस खुर्चीची करकरही कानी येते. सुमारे साडेपाच मिनिटांच्या या गाण्यासाठी सुमारे ३४ तासांचे ध्वनिमुद्रण खर्ची पडले.

हे सारे ऐकून कोणी विचारील, की गाणे अधिक कोणाचे? कडवी जॉनची, म्हणून त्याचे म्हणावे, तर पॉलच्या भागावाचून ते अपुरेच राहिले असते. पॉलचे म्हणावे, तर तो भाग जॉनच्या कडव्यांविना वहीतच पडून राहिला असता. शिवाय मोजणाऱ्या एव्हान्सचा, स्वरलिपी लिहिणाऱ्या मार्टिन यांचा आणि चाळीस वादकांचा वाटा कोणत्या मापाने मोजावा? ज्याचे दोन तुकडे केले असता दोन्ही निर्जीव होतात, ते दोघांचेच असते.

पुढे १९७० साली बीटल्स विभक्त झाले आणि या मित्रांत कटुता आली. काही गाण्यांत कोणाचा वाटा किती, याविषयी दोघांच्या आठवणी जुळेनात. कोणाचे नाव आधी असावे, यावरूनही नंतर कुरबूर झाली. मैत्रीत जे सहज दिले जाते, त्याचा हिशेब पुढे मांडू गेल्यास असेच होते. १९८० साली लेनन यांचा खून झाला. त्यानंतर अनेक वर्षांनी, १ जून २००८ रोजी, लिव्हरपूलमध्येच मॅकार्टनी यांनी हे गाणे जाहीर कार्यक्रमात गायिले. आपला भाग तर त्यांनी गायिलाच, पण मित्राची कडवीही स्वतःच्या कंठाने गायिली.

आपल्याजवळ एखादी अपुरी गोष्ट असली, म्हणजे आपण ती लाजून लपवितो. परंतु आपले अपुरेपण विश्वासाने दुसऱ्यापुढे ठेविले, तर त्याच्याजवळचा अपुरा तुकडा त्यात नेमका बसण्याचा संभव असतो. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात : आपल्याहून सरस असलेल्यास जवळ करण्याचे मोठे मन आणि दुसऱ्यासाठी २४ आवर्तने रिकामी सोडण्याचे धैर्य.